दिवसभराची सायकल सफर : काय न्यावे, काय घरी ठेवावे

भिलाईला सायकल नवी नाही. १९५९ च्या फेब्रुवारीत पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि तिच्या आधाराने वाढलेल्या या सपाट, सरळ रस्त्यांच्या नगरीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराला सायकलीइतके सोयीचे वाहन दुसरे नव्हते. ती सायकल काळी आणि जड असे, आणि तिच्या कॅरिअरला डब्याखेरीज काही बांधावे लागत नसे. गेल्या काही वर्षांत मात्र जाड टायरची, गिअर असलेली माउंटन बाईक घराघरांत आली आहे. कॅलिफोर्नियातील डोंगरउतारांवर १९७० च्या दशकात हौशी तरुणांनी जुन्या सायकलींवर प्रयोग करून घडविलेले हे वाहन आता सुट्टीच्या दिवशी लांबच्या सफरीसाठी बाहेर पडू लागले आहे. अशा सफरीत सोबत काय असावे, याचा विचार बहुतेक वेळा आदल्या रात्री घाईघाईने होतो. म्हणून तो येथे थोडा सविस्तर करावयाचा आहे.

उदाहरणादाखल सेक्टर ६ मधून निघून दुर्ग, अंडा, गुंडरदेही, बालोद या मार्गाने तांदुला जलाशयापर्यंतची सफर घेऊ. हा जलाशय भिलाईकरांना परका नाही. कारखान्याला लागणारे पाणी याच योजनेतून येते. एका बाजूचे अंतर साधारण ६५ ते ७० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १३० ते १४० किलोमीटर होते. ताशी १५ किलोमीटरचा वेग धरला, तरी सुमारे नऊ तास खोगिरावर काढावे लागतात. वाटेत वाहतूक टाळण्यासाठी कालव्याकाठची मुरुमाची वाट धरली, तर वेळ आणखी वाढतो.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा एकट्याने सायकल चालवून पूर्ण केली. पराक्रम थोरच, परंतु त्या स्पर्धेत स्वारामागे सुटे भाग, अन्न आणि माणसे घेऊन मोटार धावत असते. रविवारच्या सायकलस्वारामागे कोणीही नसते. त्यामुळे त्याच्या सामानाची कसोटी वेगळी आहे. वाटेतल्या गावात दहा मिनिटांत विकत मिळणारी वस्तू त्याने पाठीवर वाहू नये आणि तेथे कोणत्याही किमतीला न मिळणारी वस्तू घरी विसरू नये.

या कसोटीवर पहिला क्रमांक लागतो ट्यूबचा. छत्तीसगडच्या मैदानी भागात भातखाचरांच्या बांधांवर बाभळी राखण्याची जुनी रीत आहे. सरपणाला आणि शेतीच्या अवजारांना ते लाकूड उपयोगी पडते, पण छाटणीनंतर काटे बांधावर आणि पाऊलवाटांवर पसरतात. माउंटन बाईकचा टायर कितीही जाड असला, तरी बाभळीचा सुकलेला काटा त्यातून सहज पार होतो. गुंडरदेहीसारख्या गावात पंक्चर काढणारा भेटतो, त्याच्याकडे सोल्युशन आणि ठिगळे असतात, पण २७.५ किंवा २९ इंची चाकाची ट्यूब त्याच्याकडे असेलच, याचा भरवसा नाही. म्हणून आपल्या मापाच्या दोन ट्यूब, ठिगळांची पेटी, टायर काढण्याच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आणि हातपंप हे सामान वगळता येणार नाही. ट्यूब बदलताना टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून रुतलेला काटा शोधावा. तो तसाच राहिला, तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. व्हॉल्व्हही घरीच पाहून ठेवावा. मोटारीच्या चाकाला असतो तसा जाड व्हॉल्व्ह असेल, तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, अर्थात थोडीथोडी, कारण सायकलच्या ट्यूबला यंत्राचा जोर सोसत नाही. बारीक व्हॉल्व्ह असल्यास त्याला लागणारा छोटा पितळी जोड खिशात असावा.

टायरच फाटला, तर आतून चलनी नोटेची घडी लावण्याची युक्ती सायकलस्वारांत प्रचलित आहे. बँकेच्या नियतकालिकातून या युक्तीची शिफारस करणे कठीण आहे! रिझर्व्ह बँकेच्या स्वच्छ नोट धोरणाला ते मानवणारे नाही, आणि जुन्या टायरचा किंवा टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा कापलेला तुकडा ते काम अधिक चांगले करतो.

हत्यारे थोडी असावीत. चार, पाच आणि सहा मिलिमीटरच्या ॲलन चाव्या, एक स्क्रू ड्रायव्हर, चेन तोडण्या-जोडण्याचे लहान हत्यार आणि आपल्या चेनला बसणारा सुटा जोड एवढे पुरे. आठ गिअरच्या चेनचा जोड दहा गिअरच्या चेनला चालत नाही.

पाण्याचा हिशेब मात्र काळजीपूर्वक करावा. उन्हात सायकल चालविणाऱ्याला तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागते. नऊ तासांचे सगळे पाणी सोबत घ्यायचे, तर पाच ते नऊ किलोंचे ओझे होईल. त्याची गरज नाही. अडीच लिटर घेऊन निघावे आणि गुंडरदेही, बालोद येथे पुन्हा भरावे. पाण्याबरोबर मीठही हवे. घामावाटे क्षार जातात. नुसते पाणीच पीत राहिले, तर रक्तातील सोडियम घटून डोके दुखणे, मळमळ, भ्रम अशी लक्षणे दिसू लागतात आणि माणूस ‘पाणी कमी पडले’ असे समजून आणखी पाणी पितो. ही चूक जिवावर बेतू शकते. औषधाच्या दुकानात मिळणारी क्षार-साखरेची दोन-चार पाकिटे वजनाला काहीच नसतात. ती नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण लक्षात ठेवावे, चमचा चहाचा. एप्रिल-मे महिन्यांत या भागातील पारा ४० अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत ही सफर करूच नये, हे सांगणे सामानाच्या यादीत बसत नसले तरी आवश्यक आहे.

खाण्याबाबत महागड्या वेष्टनांतील पदार्थांची ओढ अनाठायी वाटते. दशमी, गूळ-शेंगदाणे, चिक्की, केळी हे सारे दमल्या जिवाला तेवढेच बळ देते. छत्तीसगडी घरांतील खारी ठेठरी आणि गुळाची खुरमी तर डब्यात दिवसभर टिकतात आणि मीठ व गोड यांची जोडी आपोआप जमते. भूक लागण्याची वाट न पाहता तासाभराने थोडे खात राहावे.

मुंबई-पुण्याहून बदलून आलेल्या कर्मचाऱ्यांची एक गोष्ट हमखास चुकते, ती म्हणजे संध्याकाळ. घड्याळ सर्व देशाचे एकच, पण भिलाई बरीच पूर्वेला आहे. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो; येथे साडेपाचच्या आतच. परतीची एक पंक्चरही सायकलस्वाराला ट्रकांच्या रस्त्यावर अंधारात आणून सोडते. पुढचा दिवा, मागचा लाल दिवा आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट यांचे वजन पाव-अर्धा किलो असेल, पण ते नसल्यास धोका किती मोठा, हे सांगावयास नको. हेल्मेट तर डोक्यावर असणारच, असे येथे गृहीत धरले आहे.

खिशात थोडी रोकड असावी, तीही दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. यूपीआयने आता चहाच्या टपरीवरही पैसे देता येतात; परंतु मोबाईलची बॅटरी संपली किंवा नेटवर्क गेले, की ती सोय संपते. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. नाव, रक्तगट आणि घरचा क्रमांक लिहिलेले जाड कागदाचे कार्ड मात्र वेगळे, वरच्या खिशात हवे, कारण कुलूपबंद मोबाईल अनोळखी मदतनीसाच्या उपयोगी पडत नाही. आणीबाणीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक पाठ असावेत. खातेदारांना आणखी एक आठवण : प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपयांचे संरक्षण मिळते. विमा ३१ मे रोजी संपतो. हप्त्यापुरती शिल्लक खात्यात आहे की नाही, हे मे महिन्यातच पाहावे.

शेवटी हे सारे बांधावे कसे? जड वस्तू जितकी खाली आणि सायकलीच्या मध्याजवळ, तितके संतुलन सोपे. हत्यारे व ट्यूब खोगिराखालच्या पिशवीत, खाद्यपदार्थ चौकटीतल्या पिशवीत आणि पाठीवर शक्यतो पाण्याखेरीज काही नको. नऊ तासांत खांद्याला किलोचेही ओझे जाणवते. आदल्या संध्याकाळी सर्व सामान बांधून सेक्टर ६ च्या रस्त्यांवर अर्ध्या तासाची एक फेरी मारावी. काय खडखडते, कोणता पट्टा चाकाला घासतो आणि कोणती वस्तू हाताला लवकर सापडत नाही, ते घराजवळच कळते, आणि दुरुस्तीला रात्र हाताशी असते.