गुडघ्याचे कुलूप

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे असतात. त्यांपैकी गळ्यातले कंठिका हे हाड सोडले, तर प्रत्येक हाड दुसऱ्या कुठल्या तरी हाडाशी सांध्याने जोडलेले असते. कवटीचे सांधे जवळपास हलतच नाहीत. खांदा आणि खुबा हे दोन्ही उखळीचे सांधे. पण खांद्याची उखळ उथळ, म्हणून हात चौफेर फिरतो आणि निखळतोही लवकर. खुब्याची उखळ खोल आणि भक्कम.

सर्वांत विलक्षण मात्र गुडघा. त्याला बिजागरीचा सांधा म्हणतात, पण ते अर्धेच खरे. पाय सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगीचे हाड किंचित बाहेरच्या बाजूला वळते, अस्थिबंध ताणले जातात आणि सांध्याला कुलूप लागते. म्हणूनच उभे राहताना मांडीच्या स्नायूंना सतत जोर लावावा लागत नाही. गुडघा वाकवायची वेळ आली की त्यामागचा एक छोटा स्नायू हे कुलूप उघडतो. किती नेमकी रचना!

हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मुख्यतः सांध्यातल्या द्रवातून होते आणि हालचालीने तो द्रव खेळता राहतो. तासन्‌तास बसून काम करणाऱ्यांनी अधूनमधून उठून चार पावले चालावे. गुडघा सुजला किंवा अडकू लागला, तर मालिश करत न बसता डॉक्टरांना दाखवावा.