नातवंडांच्या तोंडचे स्वर

पेण, रोहा, अष्टमी, नवगाव, किहीम ही आपल्या जिल्ह्यातील गावे जशी नकाशावर आहेत, तशीच ती दूर इस्रायलमधील लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना या शहरांतील घरांच्या दारांवरही आहेत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर ही आडनावे लावणारे बेने इस्राएल शतकानुशतके आपल्या कोकणपट्टीत नांदले. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावोगाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. 1948 साली इस्रायलची स्थापना झाल्यावर त्यांतील बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. जाताना भांडीकुंडी नेली, तशी मराठीही नेली. त्या मराठीचे पुढे पिढ्यान्‌पिढ्या काय होते, हा आजचा आपला विषय आहे.

परदेशी भाषा टिकत नाही म्हणजे शब्द विसरतात, असे आपण समजतो. पण शब्द कायम असतानाही एक गोष्ट गुपचूप बदलत असते. ती म्हणजे स्वर. व्यंजनाला जिभेचा किंवा ओठांचा ठाम स्पर्श असतो. स्वराला तसा आधार नाही. तोंड किती उघडले, जीभ किती वर उचलली, ओठ गोल केले की पसरले, एवढ्यावर त्याचे सारे रूप अवलंबून. म्हणून तो सहज सरकतो.

मूल हे सारे कानाने शिकते. सहा महिन्यांच्या सुमारासच तान्ह्या मुलाचा कान भोवतालच्या भाषेतील स्वरांशी जुळू लागतो, असे संशोधकांना आढळले आहे. जो भेद सतत ऐकू येतो तो कान जपतो. जो ऐकू येत नाही त्याकडे दुर्लक्ष करू लागतो.

आता आपल्या 'अ' आणि 'आ' यांचेच पाहा. 'आ' म्हणजे लांबवलेला 'अ', असे शाळेत सांगतात. ते अर्धेच खरे आहे. 'अ' म्हणताना तोंड अर्धवट उघडते व जीभ मध्यावर राहते. 'आ' म्हणताना जबडा खाली येतो. या एवढ्याशा फरकावर 'दर' आणि 'दार' वेगळे होतात. सुनेचे मन राखणे आणि सुनेचा मान राखणे यांत किती अंतर आहे, हे घरोघर ठाऊक आहे! आजच्या हिब्रूत मात्र मुख्य स्वर पाचच. त्यांत 'अ' आणि 'आ' अशी जोडी नाही, दोहोंच्या जागी एकच स्वर आहे. शिवाय नेहमीच्या हिब्रू लेखनात बहुतेक स्वरचिन्हे लिहीत नाहीत. तेव्हा रोह्याहून गेलेली आजी 'मन' आणि 'मान' सहज वेगळे म्हणेल. तिथे जन्मलेल्या मुलीला ते घरात ऐकून जमेल. पण दिवसभर हिब्रू बोलणाऱ्या नातवाला ती दोन्ही अक्षरे एकाच घरात कोंबावीशी वाटली, तर त्यात नवल ते काय?

शेजारची भाषा नेहमी मोडतच असते असेही नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरकडे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांभोवती तमिळ आहे. तमिळमध्ये ऱ्हस्व 'अ' आणि दीर्घ 'आ' यांचा भेद पक्का असल्याने तेथील मराठी मुलाला या बाबतीत शेजाराची मदतच होते. उलट कॅनडातील टोरांटो शहरात हाँगकाँगहून आलेल्या कँटोनीज भाषिकांचा अभ्यास झाला. ओठ गोल करून म्हटलेली 'ई' असा एक स्वर त्या भाषेत आहे. इंग्रजीत तो नाही. टोरांटोत वाढलेल्या काहींच्या बोलण्यात हा स्वर 'ऊ'कडे सरकलेला आढळला. म्हणजे नियम एकच: भोवतालची भाषा ज्या भेदाला आधार देते तो टिकतो, ज्याला देत नाही तो झिजतो.

हे ऐकून आपण जागच्या जागी शुद्ध राहिलो, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या पणजोबांच्या पिढीने 'केलें', 'गेलें' लिहिले. आपण 'केलं', 'गेलं' बोलतो, आणि 1962 च्या लेखननियमांनी तो न उच्चारला जाणारा अनुस्वारही काढून टाकला. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक आपण लिहितो. बोलताना तो किती जण करतात? आजीचे 'हापिस' आणि 'डाक्टर' नातवाच्या तोंडी 'ऑफिस' आणि 'डॉक्टर' झाले. इंग्रजीमुळे एक नवा स्वरच आपल्या बाराखडीला चिकटला. घरी राहिलेल्या भाषेचेही स्वर बदलतात. फरक इतकाच, की आपण सारे मिळून बदलतो म्हणून कोणी कोणाला हसत नाही.

आणि धोका नेमका या हसण्यात आहे. स्वर सरकल्याने भाषा मरत नाही. नातू 'मन'ला 'मान' म्हणाला, तरी आजीला अर्थ कळतो. पण सगळे खो खो हसले, की तो पुढचे वाक्य हिब्रूत बोलतो. त्यानंतर त्याला मराठी समजते, पण तो ती बोलत नाही. आणि त्याच्या मुलांना ती समजतही नाही.

उपाय घरगुतीच आहेत. चूक दाखवण्याऐवजी तोच शब्द नीट उच्चारून आपले बोलणे पुढे न्यावे. गाणी म्हणावीत, बेने इस्राएलांनी मराठीत कीर्तने केली, आणि गाण्यात स्वर लांबवावाच लागतो. देवनागरी शिकवावी, कारण आपली लिपी काना-मात्रा डोळ्यांपुढे मांडते. 1874 साली पुण्यात छापलेल्या हगादा या सणाच्या पोथीत हिब्रूबरोबर मराठीही आहे. अशा पोथीतून दोन्ही भाषा एकत्र वाचता येतात.

आपल्या धाटावलाही हे लागू आहे. कारखान्यांमुळे येथे निरनिराळ्या प्रांतांतून कुटुंबे आली. त्यांच्या मुलांच्या घरच्या भाषेवर आपल्या मराठीची छाया पडते, आणि त्यांच्या मराठीवर त्यांच्या घरची. त्यांचा एखादा स्वर आपल्या कानाला खटकला, तर दिमोनातला तो नातू आठवावा आणि त्या मुलाचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे.