कोरियन मालिकांचे अंतरंग – लेखांक सहावा : यमाचे दप्तर आणि कुळाची वही

दक्षिण कोरियाच्या २०१५ च्या जनगणनेत ५६ टक्के नागरिकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे लिहून दिले. उरलेल्यांत प्रॉटेस्टंट सुमारे २० टक्के, बौद्ध साडेपंधरा टक्के आणि कॅथलिक आठ टक्क्यांच्या आसपास भरले. निम्म्याहून अधिक प्रजा ज्या देशात स्वतःला धर्ममुक्त म्हणविते, त्याच देशाच्या मालिकांतून काळी हॅट घातलेले यमदूत भर रस्त्यात हिंडतात, जन्मदात्री देवता भाजीवालीच्या वेषात चौकात बसते, आणि गेल्या जन्मीच्या ऋणानुबंधावाचून या जन्मीचे प्रेम सहसा पुरे होत नाही. गेल्या लेखांकात धनाढ्य घराण्यांच्या कथांचा विचार झाला. त्या कथांच्या तळाशी असलेल्या या विरोधाभासाचा उलगडा या आठवड्यात करावयाचा आहे.

जनगणनेच्या रकान्यात मावतो तो पंथ. आणि कोरियन माणसाचे आचरण पंथाच्या सभासदत्वावर कधीच फारसे अवलंबून राहिलेले नाही. घरावरचे अरिष्ट टळावे म्हणून मुदांगेचे, म्हणजे अंगात देवता येणाऱ्या देवऋषिणीचे, दार ठोठावणारी गृहिणी, किंवा छुसोकच्या सणाला पूर्वजांपुढे अन्न आणि मद्य मांडून दंडवत घालणारा ज्येष्ठ पुत्र, यांना तुम्ही धर्म विचारलात तर दोघेही निःशंकपणे ‘काही नाही’ असे सांगतील. देवऋषींची आदिम परंपरा, तिच्यावर बौद्ध परलोककल्पनेचा थर, आणि १३९२ साली जोसन राज्य स्थापन झाल्यावर राजमान्य झालेला कन्फ्यूशियसप्रणीत आचार, अशी ही तिहेरी जडणघडण आहे. यांतील शेवटचा थर किती कठीण होता, याची साक्ष १७९१ सालच्या एका खटल्यात मिळते. युन जी-छुंग या कॅथलिक झालेल्या कुलीन पुरुषाने मातेच्या मृत्यूनंतर पूर्वजपूजेचे विधी नाकारले आणि पूर्वजांच्या नामपट्टिका जाळल्या. त्याला देहान्ताची शिक्षा झाली. ईश्वर एक की अनेक, या प्रश्नाने दरबाराची झोप उडाली नव्हती. कुळाच्या नावांची लाकडी पाटी एका मुलाने अग्नीत टाकावी, हे त्याला असह्य झाले.

माझ्या मते कोरियन मालिकांतील धर्म समजून घेण्याची किल्ली या खटल्यात आहे. तेथे धर्म म्हणजे प्रामुख्याने नोंद : तू कोणाचा, कोणत्या कुळातला, कोणत्या घटकेला तुझा शेवट लिहिलेला आहे, आणि तुझ्या माघारी तुझे नाव कोण घेणार, याची नोंद. मृतांची वही यमाच्या कचेरीत आणि जिवंतांची वही कुळाच्या किंवा सरकारच्या दप्तरी. आणि या दोन्ही वह्यांत जे लिहिले आहे ते खोडून द्यावे, असा जो अर्ज माणूस आपल्या सर्वस्वानिशी करतो, त्याचे नाव प्रेम.

यमाच्या कचेरीपासूनच आरंभ करू. आपला यमराज बौद्ध ग्रंथांच्या संगतीने चीनमार्गे कोरियात गेला आणि तेथे येओम्रा या नावाने परलोकातील दहा न्यायाधीश राजांपैकी पाचवा होऊन बसला. यास्तव किम उन-सुक या लेखिकेची ‘गोब्लिन’ ही २०१६-१७ ची मालिका पाहताना मराठी प्रेक्षकाला फार परके वाटू नये. तीतला यमदूत हा एखाद्या तालुक्याच्या मामलेदार कचेरीतील नेकीच्या कारकुनासारखा आहे. त्याच्याकडे मृतांची नावे, वय, मृत्यूची तिथी, वेळ आणि कारण लिहिलेल्या चिठ्ठ्या येतात. तो त्या घटकेला हजर राहतो, आत्म्याला आपल्या चहाच्या खोलीत नेतो, आणि समोर पेला ठेवतो. तो चहा प्याला की सरलेल्या जन्माचे विस्मरण होते. कथेची नायिका जी उन-ताक ही या दप्तरातली गफलत आहे. बर्फाच्या रात्री गाडीखाली सापडलेल्या तिच्या गर्भवती मातेला डोकेबी, म्हणजे गोब्लिन, झालेल्या सेनापतीने दयेपोटी वाचविले, आणि त्यामुळे जी मुलगी जन्मालाच यावयाची नव्हती ती जन्मली. यमदूताच्या लेखी ती ‘नोंदीतून सुटलेली’ असामी. तिच्याबद्दलचे कागद दाखल करून प्रकरण निकाली काढण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, आणि ती चिंता त्याला वर्षानुवर्षे पुरते.

परंतु या मालिकेतील माझ्या दृष्टीने अत्यंत हृद्य भाग नायक-नायिकेचा नाही, तो या यमदूताचाच आहे. पादचारी पुलावर एक जुनी अंगठी विकावयास ठेवलेली असता ती घेण्यास पुढे झालेल्या सनी नावाच्या स्त्रीला पाहून त्याच्या डोळ्यांतून, कारण ठाऊक नसताना, अश्रू ओघळतात. पुढे ती त्याला साधा प्रश्न विचारते : तुमचे नाव काय? सहस्रावधी नावे वाचून दाखविणाऱ्या या दूताला स्वतःचे नाव नाही. कारण पूर्वजन्मी घोर पाप करून आत्मघात केलेल्यांना यमदूत नेमले जाते आणि त्यांची स्मृती पुसली जाते, असा त्या जगाचा कायदा आहे. तो कासावीस होतो आणि अखेर किम ऊ-बिन हे नाव उसने घेऊन तिला सांगतो. हे नाव एका विख्यात नटाचे असल्यामुळे कोरियन प्रेक्षक त्या प्रसंगी हसला असेल. तथापि त्या हास्याखाली केवढे दैन्य आहे! पुढे उलगडते की, मत्सरापायी निष्ठावंत सेनापतीचा आणि स्वतःच्या राणीचा घात करणारा गोर्यो राज्याचा तरुण राजा तो हाच, आणि सनी ही ती राणी. सनीला सारे आठवते, आणि ती त्याला या जन्मापुरती क्षमा करीत नाही. त्यांचे मीलन होते ते पुढल्या जन्मी. पुनर्जन्माची कल्पना हिंदी चित्रपटांनीही पुष्कळ वापरली. पण तेथे पूर्वजन्म बहुधा सूडाचे निमित्त होऊन येतो. येथे पूर्वजन्म ही थकबाकी आहे, आणि प्रेम जडले म्हणून ती माफ होत नाही, हा नैतिक काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो. उलट उन-ताकच्या वाट्याला जेव्हा मरण येते, तेव्हा ती समोर ठेवलेला विस्मरणाचा चहा नाकारते. परलोकाच्या साऱ्या कारभाराला एका मुलीने दिलेला तो शांत नकार आहे.

बौद्ध मताप्रमाणे मृत्यू आणि पुढील जन्म यांच्यामध्ये सात सप्तकांचा, म्हणजे ४९ दिवसांचा, अंतराभव असतो आणि कोरियात आजही मृताच्या नावाने ४९ व्या दिवशी विधी करतात. २०११ च्या ‘४९ डेज’ या मालिकेने ही मुदत घेऊन एक विलक्षण अट घातली : अपघाताने मूर्च्छित पडलेल्या तरुणीला परत यावयाचे असेल, तर तिने तीन माणसांचे निर्मळ प्रेमाचे अश्रू मिळवावेत, आणि ती माणसे रक्ताच्या नात्यातली नसावीत. रक्ताचे नाते वहीत आधीच मांडलेले असते म्हणून ते पुराव्यात धरावयाचे नाही, ही अट पूर्वजपूजक समाजात किती धाडसाची आहे, ते वाचकांनीच ताडावे.

धर्म, प्रणय आणि ओळख ही तिन्ही सूत्रे एकाच व्यक्तीत गुंफलेली पाहावयाची असतील, तर २०१२ ची ‘द मून एम्ब्रेसिंग द सन’ ही काल्पनिक राजाची कथा पाहावी. युवराज्ञी म्हणून निवडलेली कुलीन कन्या मंत्रप्रयोगाने मृतवत होते, पुरली जाते, उकरून काढली जाते, आणि स्मृती गमावून देवऋषीण बनते. जोसन काळात देवऋषिणींची गणना हीन जातींत होत असे. राजवाड्याला त्यांची गरज पडे आणि विद्वान मंत्री त्यांना हाकलून द्या म्हणून तगादा लावीत. राजाच्या पीडा आपल्या अंगावर ओढून घेण्यासाठी या अनामिकेला रात्री त्याच्या शय्येजवळ बसविले जाते, आणि तो तिला ‘वोल’, म्हणजे चंद्र, हे नाव देतो. जिचे खरे नाव राज्याच्या कागदांत मृतांमध्ये दाखल आहे तिला राजा नवे नाव देतो, आणि त्या नावामागे आपण कोणाला शोधतो आहोत हे त्यालाही ठाऊक नसते. उत्तरार्धात कटकारस्थानांचा पसारा फार वाढतो, तो सोसला पाहिजे.

आता जिवंतांच्या वहीकडे वळतो. २०१५-१६ ची ‘रिप्लाय १९८८’ ही सोलच्या सांगमुन-दोंग वस्तीतील एका गल्लीची कथा; तीत देव नाहीत, यमदूत नाहीत, आणि तरीही धर्माच्या आणि प्रेमाच्या झगड्याचे तिच्याइतके सत्य चित्र मी दुसऱ्या मालिकेत पाहिलेले नाही. बो-रा ही सोंग कुटुंबातील थोरली मुलगी, आणि सन-ऊ हा तिच्याहून वयाने लहान, त्याच गल्लीतल्या विधवेचा मुलगा. त्यांच्या विवाहाला अडचण गरिबीची नाही, वयाची तर नाहीच नाही. दोघांचे आडनाव एक आणि कुळाचे मूळगावही एक, ही आहे. कोरियात आडनावे थोडी, म्हणून प्रत्येक आडनावाला मूळगावाची जोड असते. किम्हे गावाचे किम म्हणविणारेच चाळीस लाखांहून अधिक आहेत. आणि १९६० पासून अमलात आलेल्या दिवाणी संहितेच्या ८०९ व्या कलमान्वये या लक्षावधींपैकी कोणत्याही दोघांना एकमेकांशी लग्न करण्याची मनाई होती, मग त्यांचा समान पूर्वज कितीही पिढ्यांमागचा असो. अशा जोडप्यांचा संसार कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसे. १९७८, १९८८ आणि १९९६ या साली एकेका वर्षाची सवलत देऊन सरकारने अडकलेल्यांचे विवाह नोंदवून घेतले, आणि पुन्हा दार लावून घेतले. १६ जुलै १९९७ रोजी संविधान न्यायालयाने हे कलम संविधानाशी विसंगत ठरविले; संहितेतून ते गेले २००५ मध्ये.

सगोत्र विवाहाचा निर्बंध ज्यांच्या आजोबांच्या घरात पाळला जात होता, त्या मराठी वाचकांना हे निराळे समजावून सांगावे लागू नये. आपल्याकडे तो निर्बंध १९४६ च्या कायद्याने उठला. कोरियाला त्यानंतर अर्धशतक लागले. मात्र मालिकेचे मोठेपण कायद्याचा इतिहास सांगण्यात नाही. गल्लीतल्या लाकडी बाकड्यावर बसून वर्षानुवर्षे एकत्र भाज्या निवडणाऱ्या दोन मैत्रिणी, एक बो-राची आई आणि दुसरी सन-ऊची, याच या विवाहाच्या आड येतात, आणि त्यांपैकी कोणीही दुष्ट नाही, यात ते मोठेपण आहे. रूढीला येथे खलनायकाचा चेहरा नाही. जिच्या हातचे आपण जेवलो त्या शेजारणीचा आहे. शेवटी लग्न होते. त्या दिवशी मुलीने घेऊन दिलेले बूट बापाच्या पायांना मोठे होतात. तो त्यांत कागद कोंबतो आणि तिला न सांगता तसाच तिच्यासोबत चालतो. कुळाच्या मूळगावापेक्षा या बुटांतला कागद बाप-लेकीचे नाते अधिक विश्वासाने सांगतो, असे मला मनःपूर्वक वाटते.

‘मिस्टर सनशाइन’ (२०१८) विषयी थोडेच लिहितो, कारण तिला पुढे स्वतंत्र लेखांक द्यावयाचा आहे. १८७१ साली मालकाच्या क्रूरपणापायी आईबाप गमावलेला एक गुलाम मुलगा अमेरिकेस पळून जातो आणि अमेरिकन मरीन दलाचा अधिकारी होऊन परततो. गुलामगिरी तोवर, १८९४ च्या सुधारणांनी, कागदोपत्री रद्द झालेली असते. स्वातंत्र्यासाठी बंदूक उचललेल्या उमराव घराण्यातील नायिकेला तो विचारतो की, ज्या जोसनला तुम्ही वाचवीत आहात त्यात खाटकाला आणि गुलामाला जागा आहे काय? ती निरुत्तर होते. कागदावरची जात पुसली गेली तरी प्रेमिकेच्या डोळ्यांतली उरते, हे दाखविण्याचे धैर्य त्या प्रसंगात आहे.

जेथे हे धैर्य कोते पडते, तेही सांगितले पाहिजे. २००७ च्या ‘कॉफी प्रिन्स’ मध्ये नायक जिला पुरुष समजतो तिच्यावर त्याचे मन जडते, आणि दीर्घ यातनेनंतर, ती पुरुष असली तरी आपणास ती हवी, असा निर्णय तो घेतो. ते मोजके भाग कोरियन मालिकांच्या इतिहासात अढळ राहतील. परंतु नायिका स्त्रीच असल्यामुळे कथा पुढे सुरक्षित किनाऱ्याला लागते, आणि प्रश्न अनुत्तरित राहतो. कोरियन नागरिकाच्या १३ अंकी नोंदणी क्रमांकातील सातव्या अंकावरून तो पुरुष की स्त्री हे कळते. त्या अंकाशी ज्यांचे जुळत नाही त्यांच्याकडे मालिकांनी फार काळ पाठ फिरविली होती. २०२० च्या ‘इतेवॉन क्लास’ मधील मा ह्यून-यी ही पारलिंगी स्वयंपाकीण, दूरचित्रवाणीवरील पाकस्पर्धेच्या ऐन वेळी तिची ओळख वैऱ्यांनी चव्हाट्यावर आणली असताना, परत येऊन ती स्पर्धा जिंकते. तिला अशी मानाची जागा मिळाली, हे निश्चित पुढचे पाऊल आहे. पण तिला प्रेमकथा मिळाली नाही. आपल्या मुख्य नायिकांना यमाशी झगडण्याची मुभा देणाऱ्या लेखकांनी ह्यून-यीसारखीला निदान प्रेमात पडण्याची तरी द्यावयास हवी होती.

पुढील लेखांक उत्तर आणि दक्षिण यांच्यामधील सीमेवर, म्हणजे ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ वर आहे. ज्यांना तोवर सवड होईल त्यांनी ‘रिप्लाय १९८८’ चे अखेरचे दोन भाग अवश्य पाहून ठेवावेत, आणि शक्य तर घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून पाहावेत.