नैराश्य : ओळखा, बोला, उपचार घ्या

सलग दोन आठवडे उदासी हटेना, आवडत्या कामातही मन रमेना, झोप-भूक बिघडली, आंघोळीला उठणंही जड झालं, तर तो आळस नव्हे. तो उपचारांनी बरा होऊ शकणारा आजार आहे.

● औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.

● समुपदेशन, रोजचं चालणं, ठरलेल्या वेळी झोप यांचीही मदत होते. दारू टाळा.

● घरच्यांनी ‘मन घट्ट कर’ म्हणण्याऐवजी शेजारी बसावं, ऐकावं, दवाखान्यात सोबत जावं.

● जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार कुणी बोलून दाखवले, तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. लगेच फोन करा.