एलएससीपीयूची तेरा वर्षे

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेले आणि मालवण तालुक्यात विजेचे खांब आडवे झाले. तारकर्लीत आमच्याकडे वीज आणि नेट स्थिरावले तेव्हा जून उजाडला होता. त्याच जूनच्या सुरुवातीला युटिल-लिनक्स या लिनक्सच्या मूलभूत आज्ञांच्या संचाची २.३७ ही आवृत्ती निघाली. तिच्यात ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा मुळापासून नव्याने लिहिलेली होती.

लिनक्सच्या टर्मिनलवर एवढा एक शब्द टाइप केला, की प्रोसेसर कोणता, कोअर किती, कॅश केवढी, हे समोर येते. त्साय छियान आणि कारेल झाक यांनी ती २००८ मध्ये लिहिली. त्या काळी एका यंत्रातले सगळे कोअर सहसा सारखेच असत. त्यामुळे एकाची माहिती घ्यायची आणि तीच सगळ्यांची धरायची, हा हिशेब चालून गेला.

२०११ मध्ये एआरएमने ‘बिग-लिटल’ रचना जाहीर केली आणि तो हिशेब चुकू लागला. आरके३३९९ या चिपमध्ये दोन कॉर्टेक्स-ए७२ आणि चार कॉर्टेक्स-ए५३ आहेत: दोन जोरकस, चार वीज वाचवणारे. होडीवर माणसे किती हे मोजून तांडेल कोण नि खलाशी कोण ते कळत नाही, तसेच इथे झाले. एआरएमवर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोअरचे नावही देत नाही, नुसते आकडे देतो. डी०३ म्हणजे ए५३, डी०८ म्हणजे ए७२, हा तक्ता आज्ञेलाच बाळगावा लागतो.

नव्या लेखनात प्रत्येक कोअरची नोंद स्वतंत्रपणे वाचली जाते आणि प्रत्येक जातीची माहिती वेगळी छापली जाते. २०२१च्याच नोव्हेंबरात इंटेलचे मिश्र कोअरचे अल्डर लेक प्रोसेसर बाजारात आले. बदलाची वेळ किती नेमकी होती ते त्यावरून दिसते. माणसांसाठीची मांडणी बदलली, पण स्क्रिप्टांसाठी स्वल्पविरामांनी तोडलेली माहिती देणारा ‘पी’ पर्याय जपला. जगभरच्या सर्व्हरवरच्या स्क्रिप्टा अशा ओळींवर विसंबून असतात, म्हणून मला हा संयम फार मोलाचा वाटतो.

पण सगळे नव्याने लिहिण्याचे हे धाडस शक्य झाले ते एका साठ्यामुळे. युटिल-लिनक्सच्या चाचण्यांत निरनिराळ्या यंत्रांच्या ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ या, कर्नल जिथे यंत्राची माहिती मांडतो त्या, डिरेक्टरींमधल्या माहितीच्या प्रती जपलेल्या आहेत. ‘सिसरूट’ पर्यायाने आज्ञेला त्यांतली एखादी प्रत दाखवली, की ती त्या यंत्रावर बसल्यासारखे उत्तर देते. समोर साधा लॅपटॉप असला तरी आयबीएमच्या मेनफ्रेमवरचे उत्तर तपासता येते. नवा कोड जुन्या उत्तरांशी ताडून पाहायला याहून भक्कम आधार नाही.

आपल्याकडे आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे रिस्क-फाइव्ह रचनेचे प्रोसेसर घडले आहेत. लिनक्स चालवणारे त्यांचे बोर्ड ज्या प्रयोगशाळांत असतील, तिथल्या विद्यार्थ्यांनी अशा प्रती काढून त्या साठ्यासाठी पाठवाव्यात.