डोळ्याची मुकी दुखणी

मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात रात्री डोळा धरून बसलेली माणसे पाहिली, तर जो सर्वांत मोठ्याने विव्हळतो त्याच्याच डोळ्यावर सर्वांत मोठे गंडांतर, असे आपल्याला वाटते. डॉक्टर मात्र तसा हिशेब करीत नाहीत. बुबुळावर जो काचेसारखा पडदा असतो, त्यात संवेदनेचे तंतू इतके दाट असतात की धुळीचा कण रुतला तरी माणूस कासावीस होतो. आतला दृष्टिपटल मात्र मुका. तो फाटला, सुटला, तरी ओरडत नाही.

वेल्डिंगच्या कामावरचा पोरगा घ्या. दिवसा काळ्या काचेवाचून त्या झगझगाटाकडे पाहिले, रात्री घरी येऊन जेवला, निजला. आणि मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यागत होऊन आक्रोश करीत उठला. घरची मंडळी हवालदिल! तो बहुधा एकदोन दिवसांत बरा होतो. तसेच, काही लागलेले नसताना डोळ्याच्या पांढऱ्या भागात एकाएकी रक्त पसरलेले दिसते. खोकल्याच्या उबळीनेही तेथली बारीक रक्तवाहिनी फुटते. दुखत नसेल, नीट दिसत असेल, तर पंधरवड्यात ते आपोआप विरते.

आता दुसरा गडी पाहा. छिन्नीवर हातोडा मारताना लोखंडाचा कपचा उडाला. क्षणभर टोचले, पाणी आले, थांबले. गडी पुन्हा कामाला लागला. कपचा मात्र बुबुळ भेदून आत गेलेला असतो. तेथे तो गंजतो आणि पुढे दृष्टीच पोखरतो. जर्मन नेत्रवैद्य हिर्शबर्ग याने १८७९ साली विद्युत्‌चुंबक वापरून असे कण बाहेर काढण्याची वाट दाखविली. पण त्यासाठी रोग्याने इस्पितळात यायला तर हवे!

आरीसारख्या हत्याराने काय होते, त्याचे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १८१२ साली, पॅरिसजवळच्या एका गावात, खोगीर-लगाम करणाऱ्या बापाच्या दुकानात तीन वर्षांच्या लुई ब्रेलने आरी हाती घेतली आणि ती डोळ्यात घुसली. पुढे दुसरा, धडका डोळाही गेला. पाचव्या वर्षी मूल पूर्ण आंधळे झाले.

दिवाळीत या विभागात फटाक्यांचे जखमी येतात. त्यांतले कितीतरी नुसते बघे असतात. वात दुसऱ्यानेच लावलेली असते. सुतळी बॉम्बचा तुकडा लागून बुबुळामागे रक्त साचते. मूल रडायचे थांबते, म्हणून आई निर्धास्त होते. पण डोळ्यातला दाब वाढत असतो, आणि पहिल्या चारपाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती असते. अशा डोळ्यात तूप, एरंडेल, मध काही घालू नये, चोळू नये. डोळा फुटल्याचा संशय असेल तर तो धुवूही नये. वर पेला उपडा बांधावा आणि निघावे.

चुन्याचे मात्र नेमके उलट. तंबाखूची चुन्याची पुडी दाबताना ती फुटून मुलाच्या डोळ्यात उडते. आम्लापेक्षा चुना अधिक खोल मुरतो. तेथे इस्पितळ मागाहून. आधी नळाखाली अर्धा तास डोळा धुवावा, पापणी उलटून अडकलेले कण काढावेत.

काही वेळा दुखते डोके आणि जातो डोळा. आजीबाईंना अर्धशिशी उठते, ओकाऱ्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. घरात आल्याचा रस तयार होतो, कारण पित्तच ते! डोळा लाल आणि दगडासारखा टणक झालेला असतो, तो कोणी पाहत नाही. हा काचबिंदूचा झटका. काही तासांत दाब उतरला नाही तर दृष्टी कायमची जाते.

आणि ज्या आजोबांना सकाळी एका डोळ्याने एकाएकी दिसेनासे झाले, तेही मुळीच न दुखता, ते बहुधा भाऊबीज उरकूनच येतात. त्यांच्या दृष्टिपटलाची रक्तवाहिनी तुंबलेली असते. पक्षाघाताइतकीच ही घाईची बाब. पण दुखत नव्हते ना!