खेळाडूने बोलावे काय?

'खेळात राजकारण आणू नये' हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते, आणि ऐकणाराही इतक्या सहजपणे मान डोलावतो, की त्यातले गृहीत तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. जो राष्ट्रध्वजामागून संचलन करीत क्रीडांगणात येतो, ज्याच्या छातीवर देशाचे नाव असते आणि जिंकल्यावर राष्ट्रगीताच्या सुरांनी ज्याचे डोळे पाणावावेत अशी सर्वांची अपेक्षा असते, तोच खेळाडू आपल्या राष्ट्रातील एखाद्या अन्यायाविषयी चकार शब्द काढू लागला, की लगेच कायदेकानूंची पुस्तके उघडली जातात. हा आक्षेप राजकारणाला असतो, की ते कोण करतो याला, हे पाहायचे तर १९६८ सालच्या मेक्सिको शहराकडे वळावे लागते.

त्या वर्षी १६ ऑक्टोबर रोजी पुरुषांच्या २०० मीटर शर्यतीत अमेरिकेच्या टॉमी स्मिथने १९.८३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन दुसरा आणि स्मिथचाच देशबंधू जॉन कार्लोस तिसरा आला. पदकदानाच्या वेळी हे दोघे कृष्णवर्णीय धावपटू पायांत बूट न घालता, केवळ काळे मोजे घालून चौथऱ्यावर चढले, कारण आपल्या समाजाचे दारिद्र्य त्यांना दाखवायचे होते. स्मिथच्या गळ्यात काळा रुमाल होता आणि कार्लोसच्या गळ्यात मण्यांची माळ होती, ती झुंडीने ठार मारलेल्या, झाडांना टांगलेल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ. राष्ट्रगीत सुरू होताच दोघांनी माना खाली घातल्या आणि काळ्या हातमोज्यातील मूठ आकाशाकडे उंचावली. स्मिथचा उजवा आणि कार्लोसचा डावा हात पाहून यामागे काही गूढ संकेत असावा असे वाटते; वस्तुस्थिती एवढीच, की कार्लोस आपले हातमोजे निवासस्थानी विसरला होता आणि एकच जोड दोघांनी वाटून घ्यावी ही सूचना नॉर्मनची होती. हा गोरा ऑस्ट्रेलियन नुसता सूचना करून थांबला नाही. मानवी हक्कांच्या चळवळीचा जो बिल्ला त्या दोघांनी लावला होता, तसाच बिल्ला मागून घेऊन तोही छातीवर लावून उभा राहिला. मूठ न उगारता उभ्या असलेल्या त्या तिसऱ्या माणसाकडे छायाचित्र पाहणाराचे लक्ष क्वचितच जाते.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांचा संताप अनावर झाला, आणि या दोघांवर कारवाई न झाल्यास इतर अमेरिकन खेळाडूंनाही स्पर्धेबाहेर काढण्याची धमकी मिळताच अमेरिकन समितीने त्यांना निलंबित करून क्रीडाग्रामातून रवाना केले. (त्यांची पदके काढून घेतली गेली असा समज सार्वत्रिक आहे, तो खरा नाही.) हेच ब्रंडेज १९३६ साली अमेरिकन ऑलिंपिक समितीचे प्रमुख होते, बर्लिनच्या स्पर्धेवर बहिष्कार घालावा या मागणीला त्यांनीच कसून विरोध केला होता, आणि तेथे विजयमंचावरून केल्या गेलेल्या नाझी सलामीने त्यांच्या क्रीडानिष्ठेला काही धक्का पोहोचल्याचे ऐकिवात नाही. मेक्सिकोतच स्पर्धेच्या उद्घाटनापूर्वी दहा दिवस, २ ऑक्टोबर रोजी, त्लातेलोल्को चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर सरकारी फौजेने गोळ्या झाडल्या होत्या. स्पर्धा एक दिवसही तहकूब झाली नाही. गोळीबाराने न बिघडलेले पावित्र्य दोन मुठींनी मात्र भ्रष्ट झाले.

त्याच स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाची व्यायामपटू वेरा चास्लाव्हस्का, जिच्या देशात दोनच महिन्यांपूर्वी सोव्हिएत रणगाडे घुसले होते, सोव्हिएत राष्ट्रगीत वाजत असताना मान खाली घालून तोंड फिरवून उभी राहिली. ऑलिंपिक समितीने तिला काही केले नाही. जे काही भोगणे होते ते तिला मायदेशी परतल्यावर भोगावे लागले.

आपल्याला दाखला हवाच असेल तर मेक्सिकोपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. पालवणकर बाळू हे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले डावखुरे गोलंदाज पुण्याच्या हिंदू संघातून खेळत, तेव्हा त्यांच्या हातचा चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत झेलीत. पण चहाची वेळ झाली की बाळूंना चहा मिळे तो मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आलेल्या या माणसाला मुंबईच्या हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन संघांच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. १९२० साली त्यांना संघातूनच वगळण्यात आले आणि त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांचाही कर्णधारपदावरील हक्क डावलला गेला, तेव्हा त्या दोघा भावांनी संघातून आपली नावे काढून घेतली आणि जातीपायी होणारा हा अपमान आपण सोसणार नाही असे जाहीर पत्रक काढले. तीन वर्षांनी विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. खेळात राजकारण येथे कोणी आणले, त्या भावांनी की चहाच्या भांड्याने?

अर्थात दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. प्रेक्षक तिकीट काढून खेळ पाहायला येतो, व्याख्यान ऐकायला नव्हे. वेगाने धावणाऱ्याची बुद्धी राज्यकारभारातही तितकीच वेगाने चालते असा काही नियम नाही. आणि एका मुठीला मुभा दिली तर उद्या द्वेषाची सलामी देणाऱ्याला कोणत्या तोंडाने मज्जाव करणार, ही संयोजकांची अडचण खरी आहे. माझ्या मते याहूनही मोठा धोका निराळा आहे. बोलणे हे भूषण ठरले की गप्प राहणे हा गुन्हा ठरू लागतो, आणि मग खेळाडूच्या तोंडी सरकारच आपले शब्द घालते. १४ मे १९३८ रोजी बर्लिनमध्ये जर्मनीविरुद्धच्या सामन्यापूर्वी इंग्लंडच्या फुटबॉलपटूंनी नाझी सलामी दिली, ती स्वखुशीने नव्हे, तर ब्रिटिश राजदूत आणि त्यांची स्वतःची फुटबॉल संघटना यांच्या हुकुमावरून. सामना इंग्लंडने ६-३ असा जिंकला. पण आज आठवते ती सलामी.

म्हणून भेद करायचा तो बोलणे आणि न बोलणे यांत नव्हे, तर स्वतःचे मत आणि लादलेले मत यांत केला पाहिजे. जो आपल्या नावाने, आपल्या जबाबदारीवर, खेळात व्यत्यय न आणता आणि कोणत्याही जनसमूहाची माणुसकी न नाकारता काही सुचवू पाहतो, त्याला विजयमंचावरही मज्जाव असू नये. आणि जो मौन पत्करतो त्याच्याकडे खुलासा मागू नये. ऑलिंपिक सनदेचा ५०वा नियम अशा निदर्शनांना बंदी करतो. २०२१ साली तो थोडा सैल करून स्पर्धा सुरू होण्यापूर्वी मैदानावर मत व्यक्त करण्याची परवानगी देण्यात आली, परंतु विजयमंच तेवढा वर्ज्य राहिला. शर्यत संपल्यावर, कोणाच्याही खेळात बाधा येण्याची शक्यता उरलेली नसताना, नेमकी त्याच जागी बंदी का, याचे मला पटेल असे उत्तर अद्याप आढळलेले नाही.

बोलणाराला किंमत मात्र मोजावी लागते. १० फेब्रुवारी २००३ रोजी, क्रिकेट विश्वचषकाच्या सामन्यात, झिंबाब्वेचे अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा यांनी आपल्या देशातील लोकशाहीच्या मृत्यूचे सुतक म्हणून हरारेच्या मैदानावर दंडाला काळ्या फिती बांधल्या. एक गोरा, दुसरा झिंबाब्वेकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्या स्पर्धेनंतर दोघेही देशाकडून पुन्हा खेळले नाहीत, आणि ओलोंगाला तर मायदेश सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला.

क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा दस्तूर याबाबतीत काय आहे हे सांगणे कठीण. मार्च २०१९ मध्ये रांचीच्या सामन्यात भारतीय संघाने लष्करी धर्तीच्या टोप्या घातल्या, त्या मंजूर झाल्या. त्याच वर्षी जूनमध्ये विश्वचषकात धोनीच्या हातमोज्यांवरील सैनिकी बोधचिन्ह नामंजूर झाले. आणि २०२३ च्या डिसेंबरात पर्थ येथे ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला, सर्व जीव समान आहेत अशा आशयाचे शब्द असलेल्या बुटांवर चिकटपट्टी लावून खेळावे लागले. रांचीच्या टोप्यांना टाळ्या देणारे, हातमोज्यांवरून परिषदेवर खवळलेले आणि ख्वाजाच्या वेळी 'नियम म्हणजे नियम' असे बजावणारे, हे तीन निराळे लोक होते असे मला वाटत नाही.